माशीचा खाऊ

डिसेंबर लागला की आमच्या बडोद्यातल्या स्कूटरींना तारा लागतात. कोपऱ्याकोपऱ्यावर कुणीतरी तारेचं भेंडोळं घेऊन बसलेलं असतं आणि हँडलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, चालवणाऱ्याच्या डोक्यावरून जाईल अशी कमान वाकवून देतं. उतरायणच्या, म्हणजे संक्रांतीच्या, पतंगांचा मांजा गळ्याला लागू नये म्हणून. ती कमान दिसली की बाकीच्यांना चिक्की, उंधियुं आणि गच्चीवरचे भोंगे आठवतात. मी मान दुसरीकडे वळवतो. परवा मीही तार लावून घेतली आणि रावपुऱ्यातल्या घरापासून गोरव्याच्या कारखान्यापर्यंत जाताना ती घट्ट आहे ना, हे बघायला तीनदा थांबलो.

तसा मी मुळातच अस्वस्थ माणूस. कुलूप लावून जिना उतरलो की परत चढतो. जेवायला बसलो तरी एक पाय हलत असतो. आई म्हणते, "ह्याच्या पायाला एक भिंगरी आणि मनाला दोन." कारखान्यात माझं कामही माझ्या स्वभावाच्याच जातीचं आहे. बाहेरून येणारा माल तपासून आत घ्यायचा. सळई असो की मूठभर नट, कुठल्या भट्टीतून आला, कुणी तपासला, हे सांगणारा कागद सोबत नसेल तर माझ्या दारातून माल आत येत नाही. आजवर किती टेम्पो मी तसेच्या तसे परत पाठवले असतील. लोक पाठीमागे खडूस म्हणतात, आणि खरं सांगायचं तर ते कानावर आलं की मला बरं वाटतं.

आणि ह्याच माणसानं आपल्या अडीच वर्षांच्या मुलीला, जॅमच्या जुन्या बाटलीतले, नाव नाही गाव नाही असे पिवळे दाणे रोज सकाळी केळ्यात कुस्करून भरवले. चार हिवाळे झाले त्याला. तारा लागल्या की तोच हिवाळा पुन्हा सुरू होतो.

जुई त्या वर्षी पहिल्यांदा प्लेस्कूलला जायला लागली होती. दोन दिवस शाळा आणि आठ दिवस नाक, असा कार्यक्रम. नाकाखाली कायमची एक लाल रेघ. खोलीत निलगिरीचा वास, उशाशी वाफेचं मशीन, तव्यावर भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी. तिला खोकला आला की मी हातातलं काम सोडून उभा राहायचो, नुसता उभा, कारण करण्यासारखं काहीच नसायचं. दवाखान्यातल्या काट्यावर तिचं वजन तीन महिने एकाच आकड्यावर बसलं होतं. आमच्या डॉक्टरीणबाई हसून म्हणायच्या, "पहेलुं वरस छे, थाय. बधां छोकरांने थाय." पहिलं वर्ष आहे, सगळ्याच मुलांना होतं. मृणालला, माझ्या बायकोला, ते पटायचं. ती स्वतः शाळेत शिकवते, रोज चाळीस वाहती नाकं बघते. मला पटायचं नाही. माझ्या मुलीला होतंय ते सगळ्यांना होतं, ह्यात माझं कसलं समाधान?

प्लेस्कूलच्या आईबापांचा एक ग्रुप होता फोनवर. त्यात सकाळ-संध्याकाळ एकच शब्द, इम्युनिटी. माझ्या लहानपणी मुलं 'नाजूक' असायची किंवा 'काटक' असायची, आणि दोन्ही गोष्टी देवाच्या हातात असायच्या. आता तो शब्द आला आणि सगळं आईबापांच्या हातात आलं. कुणी मधमाश्यांच्या डिंकाचे थेंब देत होतं, कुणी राणीमाशीचं अन्न म्हणून कसली जेली, कुणी पराग. एकीनं लिहिलं होतं, आमचा मुलगा गेल्या दिवाळीपासून एकदाही आजारी पडला नाही. ते वाक्य मी जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडा ठेवून, पुन्हापुन्हा वाचायचो. मला हेवा वाटायचा. दुसऱ्याच्या पोराच्या तब्येतीचा हेवा वाटावा, ह्याची आज लाज वाटते, पण वाटायचा.

घरात आईचं चाटण आधीपासून होतंच. तुळशीचा रस, सहाणेवर उगाळलेलं ज्येष्ठमध, चिमूटभर सुंठ आणि मध. छोट्या चांदीच्या वाटीत करंगळीनं कालवायची आणि त्याच करंगळीनं जुईच्या जिभेवर ठेवायची. आता ह्यातली गंमत बघा. माझी आई सातवीच्या पुढे शिकलेली नाही. पण जुई जन्मली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की वर्षाच्या आत मध अजिबात द्यायचा नाही, बाळाच्या जिवावर बेतू शकतं. आमच्याकडे बारशाच्या आधीपासून मध चाटवायची रीत. आईनं रीत गुंडाळून ठेवली. वर्ष पुरं झाल्यावर स्वतः दवाखान्यात जाऊन तिनं विचारलं, "बेन, हवे अपाय?" आता दिला तर चालेल? बाईंनी होकार दिल्यावरच पहिलं बोट बुडवलं. म्हणजे आईच्या मधाला कागद होता.

माझ्या दाण्यांना नव्हता. आमच्या कारखान्यात लेथवर काम करणारे हसमुखभाई वाघोडियाकडचे. त्यांच्या मेहुण्यानं शेतांच्या बांधावर मधपेट्या ठेवल्या होत्या. माश्या फुलांवरून पायाला चिकटवून आणतात तो पराग पेटीच्या तोंडाशी झाडून घ्यायचा, वाळवायचा, झाले दाणे. हसमुखभाईंनी एक दिवस रुमालात गुंडाळलेली बाटली माझ्या टेबलावर ठेवली. पिवळे, केशरी, काही मातकट, मोहरीहून थोडे मोठे. मी बाटली उघडून वास घेतला. उन्हात वाळत घातलेल्या गवतासारखा गोडसर वास.

"कशाकशाचा आहे हा पराग?" मी विचारलं.

"जे फूल मळ्युं ए," ते म्हणाले. जे फूल मिळालं त्याचं. "कुदरती छे, साहेब. एमां शुं नुकसान? मारां छोकरां खाय छे."

त्या एका 'कुदरती' शब्दानं मला गार केलं. सळईला मी इतकं सहज कधीच सोडलं नसतं. हसमुखभाईंना मी आजही दोष देत नाही. त्यांची मुलं खरंच खात होती आणि ठणठणीत होती. त्यांनी पैसेही घेतले नाहीत.

मृणालला दाखवले. ती म्हणाली, "डॉक्टरांना विचार आधी. न विचारता नको." मी म्हटलं, बरं. आणि विचारलं नाही. विचारलं तर त्या नाही म्हणतील, अशी भीती होती. मृणालची सकाळची शाळा, ती साडेसहाला बाहेर पडायची. आई आंघोळ, पूजा ह्यात. जुईला तयार करून शाळेत सोडणं माझ्याकडे. तेवढा अर्धा तास घरात माझं राज्य होतं. केळ्याच्या चकत्या, त्यावर हे दाणे. आधी दोन, मग चार, मग चिमूटभर. जुईनं त्याला नाव ठेवलं होतं, माशीचा खाऊ. "बाबा, माशी रागावेल?" ती विचारायची. "नाही ग, तिनं तुझ्यासाठीच आणलाय." माझा खोटेपणा खरं तर त्या वाक्यापासूनच सुरू झाला.

पहिले दोन आठवडे तिला सर्दी झाली नाही. मी कारखान्यात शीळ घालत फिरायचो.

मग एका रविवारी, केळं खाऊन अर्धा तास झाला असेल, जुईचा वरचा ओठ सुजला. गालांवर, मानेवर लाल गांध्या. ती खाजवत खाजवत हसत होती, तिला ती गंमत वाटत होती. आम्ही तिघं तिला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी घसा बघितला, छाती तपासली आणि विचारलं, "नवुं कंई खवडाव्युं छे?" नवीन काही खायला दिलंय का?

खिशात रुमाल होता, तो मी मुठीत धरला होता एवढं आठवतं. मृणाल शेजारी उभी होती. तिनं नको म्हटलेलं. मी म्हणालो, "ना, कंई नहीं."

मग मागून आईचा आवाज आला. "मी चाटण देते, बेन. तुम्हाला विचारून सुरू केलेलं. पण मधाची नवी बाटली कालच फोडलीये."

"तो हमणां बंध राखो," बाई म्हणाल्या. आत्ता बंद ठेवा. औषध लिहून दिलं. संध्याकाळपर्यंत गांध्या गेल्या. आईनं ती नवी बाटली मोरीत ओतली. चिकट धार संपता संपेना, ती वरून गरम पाणी ओतत राहिली. मी दारात उभा राहून बघत होतो. बोलायला तोंड उघडलंही होतं मी, पण ती वळून म्हणाली, "माझंच चुकलं रे, जुनी बाटली संपवायला हवी होती." आणि माझं तोंड मिटलं.

मला ते हवं होतं, हे आज कबूल करतो. आईच्या मधानं झालं असेल तर माझे दाणे सुटले. तरी भीतीपोटी मी आठ दिवस बाटली बंद ठेवली. आठव्या दिवशी जुई पुन्हा खोकली. कारखान्यात बिघाड शोधायची एक पद्धत असते. दोन गोष्टी एकदम बदलायच्या नाहीत. एक काढायची, दुसरी चालू ठेवायची, मग कळतं दोष कुणात आहे ते. मी नव्या पोरांना हे शिकवतो. मध काढला होता. दाणे चालू करून बघायचे राहिले होते. असा विचार मी शब्दांत केला नव्हता, पण हात तोच विचार करत होते. माझ्या लेकीवर मी तपासणी करून बघितली.

त्या दिवशी उतरायण होती. मृणालला सुट्टी, ती तिळाच्या वड्या थापत होती. आई पूजेत. गच्च्यांवर सकाळपासून गाणी सुरू. मी मागच्या बाल्कनीत जुईला केळं भरवलं आणि पतंग दाखवायला गच्चीवर नेलं. दहा मिनिटांत तिनं ओकारी केली. मग तिचा श्वास वाजायला लागला. डोळे सुजून बारीक झाले. "बाबा, घशात माशी," ती म्हणाली.

रिक्षा नव्हत्या, रिक्षावालेही गच्चीवर होते. मी स्कूटर काढली, मागे मृणाल जुईला छातीशी घट्ट धरून. सगळा रस्ता मांजानं भरलेला. झाडांवर, खांबांवर, अधांतरी. पुढच्या तारेला दोरा अडकायचा, ताणला जायचा, तुटायचा. वरून प्रत्येक गच्चीतून ओरडा, "काप्यो छे, ए काप्यो छे!" मला माझ्या मागचा तो बारीक शिट्टीसारखा श्वास ऐकायचा होता आणि भोंग्यांत तो ऐकू येत नव्हता. "चालू आहे का? मृणाल, चालू आहे का?" एवढंच मी ओरडत होतो. ती म्हणायची, "चालू आहे. पुढे बघ."

आमचा दवाखाना बंद होता. एका मोठ्या इस्पितळात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरनं तिला टेबलावर घेतलं आणि तोच प्रश्न विचारला. ह्या वेळी मी खिशातून बाटली काढून त्याच्यासमोर ठेवली. घरातून निघताना कधी उचलली होती, कळलंही नव्हतं. मृणालनं बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. डॉक्टरनं मांडीत इंजेक्शन दिलं. काही मिनिटांनी जुई मोठ्यानं, चांगला गळा काढून रडली. इतका सुंदर आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. मी भिंतीला टेकून खाली बसलो.

"कधीपासून?" मृणालनं विचारलं.

"महिना होत आला."

"एरवी कागद नसेल तर खिळा आत घेत नाहीस तू," ती म्हणाली. पुढे त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. नंतर तपासण्या झाल्या. दोष परागाचाच निघाला. मधातही पराग थोडा उतरतोच, म्हणून मधमाशीचं काहीही द्यायचं नाही, असं सांगितलं.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा दारातच वाफ लागली. आईनं घरातले सगळे चमचे, वाट्या, जुईचा पेला, मोठ्या पातेल्यात उकळत घातले होते. ज्येष्ठमध उगाळायची सहाण जिन्याखाली कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवलेली. तिनं जुईला जवळ घेतलं नाही. दुरून बघितलं आणि मला विचारलं, "कशानं झालं रे?"

मी म्हणालो, "मधमाशीची कुठलीच गोष्ट तिला चालत नाही म्हणे."

शब्द न् शब्द खरा होता. त्या खऱ्याच्या आडोशाला मी चार वर्षं बसलो. मृणाल अधूनमधून म्हणायची, "आईंना सांग ना." मी म्हणायचो, "सांगतो. आता ती विसरलीय, कशाला खपली काढायची?" मी तसं धरून चाललो होतो. खरंच सांगतो, मला वाटायचं ती विसरली.

त्याआधी जुई आजीच्या हातूनच जेवायची. वरणभाताचे छोटे घास ताटाच्या कडेनं मांडून आई तिला बडोदे फिरवायची. हा घास मांडवीचा, हा सूरसागरचा, हा कमाटीबागेतल्या वाघाचा, त्याला डरकाळी फोडून खायचा. त्या उतरायणनंतर ते बंद झालं. "चमच्यानं खा दीकरा, मोठी झालीस ना," आई म्हणायची आणि हात पदराखाली घेऊन बसायची. मी मृणालला म्हणालो होतो, बरं झालं, स्वतःच्या हातानं जेवायला शिकतेय.

ह्या दिवाळीत पुण्याला गेलो होतो. धाकट्या भावाच्या मुलाचं उष्टावण होतं. चांदीच्या वाटीत खीर, पाटावर बाळ, सगळे जमलेले. भाऊ म्हणाला, "आई, पहिला घास तुझा." आई दोन पावलं मागे सरकली. "माझ्या हातानं नको," ती म्हणाली. सगळे हसले, त्यांना वाटलं बाई मान देतेय दुसऱ्या कुणाला. ती हसत नव्हती. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले, तसेच, आणि माझ्या डोळ्यांपुढे एकदम ते पातेलं आलं, उकळत्या चमच्यांचं. ती काही विसरली नव्हती. चार वर्षं ती स्वतःच्या बोटांना घाबरत होती, आणि मी शेजारच्या खोलीत पाय हलवत बसलो होतो.

पुण्याहून परत आल्यापासून रोज सांगायचं ठरवत होतो. रोज काहीतरी निघायचं. शेवटी परवा, तार लावून आलो त्या दिवशी, आई बाल्कनीत उन्हात बसून उंधियुंसाठी पापडी निवडत होती. मी समोर बसलो आणि पापडी निवडायला घेतली. तिनं माझ्याकडे बघितलं, कारण मी असलं काही करत नाही.

सांगितलं. बाटली, केळं, डॉक्टरीणबाईंच्या समोरचं 'कंई नहीं', सगळं. ती निवडत राहिली. शिरा काढायची, दाणा बघायची, टोपलीत टाकायची.

"दुसऱ्यांदाही?" तिनं विचारलं.

"हो."

"मला तर तेव्हा वाटलं, नखात राहिला असेल मध. सहाणेच्या भेगेत राहिला असेल." थोडं थांबून म्हणाली, "माझ्या आईची सहाण होती ती."

मी पुढची पापडी उचलली.

"मृणालला माहीत होतं?"

"त्याच दिवशी कळलं, इस्पितळात."

"म्हणजे मलाच तेवढं नाही," ती म्हणाली. हे ती रागानं बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. टोपली उचलून ती आत गेली. मी बसून राहिलो. आतून नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ बंद झाला नाही.

जेवायच्या वेळी तिनं सगळ्यांची ताटं मांडली, माझं सोडून. "तुझं तू घे," म्हणाली. जुई आता साडेसहा वर्षांची आहे, पुढचे दोन दात पडलेत, सर्दीनं नाक पुन्हा लाल आहे. ती चमचा उचलणार एवढ्यात आईनं तिचं ताट स्वतःकडे ओढलं. हात आधीच धुतले होते तरी पुन्हा उठून धुऊन आली. पदराला पुसले. भात कालवला, तूप घातलं आणि ताटाच्या कडेनं छोटे छोटे घास मांडायला लागली.

जुई बघत राहिली. तिला त्यातलं काही आठवत असणं शक्यच नव्हतं. "आजी, मी काय लहान आहे?"

"गप बस. तोंड उघड," आई म्हणाली. "हा मांडवीचा."

जुईनं तोंड उघडलं.